वरच्या गल्लीतच दूध का फाटतं?

"अरे, उचला त्याला! तापीत बसलाय तो!" तेजस ओरडला.

हसीब खरंच तापीत बसला होता. दोन वर्षांचा गोलमटोल हसीब! चड्डी चिंब भिजलेली आणि दोन्ही मुठींत सातपुड्याचा एकेक डोंगर! त्याची बहीण मिसबाह धावत आली. त्याला उचलून तिने कडेवर बसवलं आणि चिखलातल्या नदीकडे बघत म्हणाली, "तापी केवढीशी केलीस रे! मावलासुद्धा नाही तो तिच्यात."

"मापात केलीय!" तेजस म्हणाला.

"मग हसीबला पण मापात कर ना!" अमृत म्हणाला. पुनम खो खो हसली.

पुनम आणि तेजस ही बहीणभावंडं धुळ्याच्या देवपुरातून आईबरोबर मामाच्या गावी आली होती. गाव चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. परवा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबांना झोके बांधले जातात, आमरस आणि सांजोऱ्यांवर ताव मारला जातो. पण पाचवीतल्या तेजसच्या डोक्यावर मात्र शाळेने सुट्टीतला प्रकल्प ठेवला होता. 'आपला जिल्हा : इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था.' म्हणून मामाच्या अंगणात चिखलाचा जिल्हा बनवणं चाललं होतं.

"ही बघा अनेर नदी," काडीने रेघ ओढत तेजस म्हणाला. "पलीकडे आमचा धुळे जिल्हा, अलीकडे तुमचा जळगाव."

"अनेर आमची!" मामेभाऊ अमृत म्हणाला.

"भांडू नका रे," पुनम म्हणाली. ती आठवीत जाणार होती, त्यामुळे निकाल देणं हे तिचंच काम. "सव्वाशे वर्षांपूर्वी सगळा एकच खानदेश होता. इंग्रजांनी त्याचे दोन तुकडे केले. भांडायचं तर त्यांच्याशी भांडा!"

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. मिसबाहचे अब्बू, नूर महंमद, दुधाची किटली घेऊन आत आले. गावाच्या स्टँडवर त्यांची चहाची टपरी होती आणि अमृतची आई, कोकिळामामी, रोज पहाटे त्यांना दूध घालायची. किटली नेहमी रिकामी परत यायची. आज ती हिंदकळत होती.

"वहिनी, आज पण फाटलं," ते खाली मान घालून म्हणाले. "चहाचं पातेलं उकळायला लागलं की दुधाच्या गुठळ्या! गिऱ्हाईक हसतंय मला. मी काय करू, सांगा. उद्यापासून पिशवीचं दूध घेतो."

मामी हातातलं शेण तसंच धरून उभी राहिली. "भाऊ, मन्हं दूध चांगलं शे. पानीना थेंब बी टाकत नही मी!"

"मला ठाऊक आहे हो. पण फाटतंय त्याला काय करू?"

ते गेले. मामीने हातातलं शेण पाटीत टाकलं. गोठ्यात जाऊन धाकट्या म्हशीच्या, मोरनीच्या, पाठीवरून हात फिरवत राहिली. मामा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला गेला होता. महिन्यातले निम्मे दिवस तो रस्त्यावरच असायचा. घर चालायचं ते या दोन म्हशींवर.

"वरच्या गल्लीतल्या प्रमिलाबाईंनी आखाजीपासून दूध बंद सांगितलंय, तिथल्या बाकीच्यांनीही. आता टपरी," अमृत हळू आवाजात म्हणाला. "दूध खपलं नाही तर दोघींना सरकीची ढेप कुठून घालायची? आई म्हणते, एक म्हैस विकू. आखाजीच्या संध्याकाळी हिलाल व्यापारी येणार आहे. मोरनीला न्यायला."

मोरनी अमृतच्या हातावर वाढली होती. त्याने हाक मारली की ती भर रस्त्यातून वळून यायची.

"तुझ्या अब्बूंनीच आधी सगळ्या गावाला सांगितलं!" अमृत अचानक मिसबाहवर घसरला.

"मग काय फाटका चहा विकायचा होता?" मिसबाहचे डोळे भरून आले. "अब्बू काल जेवले नाहीत नीट. कळलं?"

"थांबा!" पुनम मध्ये पडली. "तेजस, हा तुझा जिल्हा राहू दे बाजूला. आधी दूध!"

मामीचा चहा चुलीवरच होता. चौघांनी वाकून पातेल्यात बघितलं. छान तांबूस, दाट, मलईदार चहा! एक गुठळी नाही.

"तेच दूध," तेजस म्हणाला.

"तेच," अमृत म्हणाला.

"मग इथे का नाही फाटत?"

चौघं पुन्हा पातेल्यावर वाकली. हसीबने मात्र सातपुड्याचा उरलेला डोंगर तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तपास सुरू झाला, आणि तपास जसजसा पुढे गेला तसतसा डोक्यातला गुंता वाढत गेला!

अमृतला वाटलं, किटलीत काहीतरी असेल. म्हणून मामीने पहाटे नवी कोरी बरणी काढून दिली आणि मिसबाहने अब्बूंच्या हातापाया पडून एकदाच, शेवटचं म्हणून, त्यातलं दूध टपरीवर चढवलं. फाटलं! अब्बूंनी वैतागून त्या दिवशी टपरीच बंद ठेवली.

तेजसला वाटलं, कुणीतरी लिंबू पिळतंय. "पिशवीच्या दुधाचा दुकानदार! त्याचाच फायदा आहे ना!" असं म्हणून तो दुकानासमोरच्या ओट्यावर दबा धरून बसला. दुकानदाराने त्याला हाक मारून कुल्फी दिली. तेजस परत आला तो संशयिताची तारीफ करतच.

"लाच घेतलीस!" अमृत म्हणाला.

"तपासासाठी घेतली!"

मग पुनमने चिखलाचा जिल्हा पुसून तिथेच गाव काढलं. विटांचे तुकडे म्हणजे घरं. जिथे दूध फाटतं त्या घरावर काळा खडा, जिथे नाही तिथे पांढरा. चौघंही घरोघर फिरली. खालच्या गल्लीत लताबाई म्हणाल्या, "नाही गं, कोकिळेचं दूध एक नंबर!" वरच्या गल्लीत मात्र जो तो ओरडायचा. पण तिथेही घोळ होताच. एक म्हणे रोज फाटतं, दुसरी म्हणे सकाळी फाटतं, रात्री नाही. आणि परवा तर कुणाकडेच फाटलं नव्हतं!

वरच्या गल्लीत शेवटचं घर प्रमिलाबाईंचं. त्या गावच्या सरपंच. दारातच गरजल्या, "त्या दुधाचं नाव काढू नका! दूध बिघडलं तेव्हापासून माझ्या घराला नजरच लागलीय. तुरीची डाळ घ्या, तासभर शिजवा, दाणा न् दाणा टणक! कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारीण वैतागली."

मुलं मुकाट्याने परत फिरली. अर्ध्या रस्त्यात पुनम अशी थांबली, की मागून येणारा तेजस तिच्यावर आपटला.

"डाळीत कुठे दूध असतं?"

"नसतंच," मिसबाह म्हणाली.

"मग डाळ का शिजत नाही? डाळीत काय असतं आणि चहात काय असतं? दोन्हींत?"

"मीठ?" तेजस म्हणाला.

"तुझ्या चहात मीठ असतं का रे?"

"पाणी!" अमृत आणि मिसबाह एकदम ओरडले.

धावत धावत चौघंही अंगणातल्या गावापाशी आली. काळे खडे सगळे वरच्या गल्लीत आणि टपरीवर. पांढरे खालच्या गल्लीत, जिथे हातपंप होता. मामीच्या घरीही हातपंपाचंच पाणी. वरच्या गल्लीच्या नळाची मोटर जळून पंधरवडा होऊन गेला होता. तेव्हापासून तिकडे पाणी यायचं ते अभिमनभाऊंच्या टाकीतून.

"पण ते पाणी तर आरशासारखं आहे!" अमृत पुन्हा गोंधळला. "तळ दिसतो बादलीचा!"

तेही खरं होतं. अभिमनभाऊ म्हणजे केळीचे मोठे ठेकेदार. बागायतदारांची केळी कापायची आणि ट्रक भरून उत्तरेकडे पाठवायची, हा त्यांचा धंदा. गावाचं पाणी तुटलं तेव्हा त्यांनी ट्रॉलीवरची मोठी निळी टाकी रोज संध्याकाळी वरच्या गल्लीत आणून उभी करायला सुरुवात केली. फुकट! सकाळपर्यंत लोक पाणी भरून घ्यायचे. पहाटेचा पहिला नंबर टपरी उघडणाऱ्या नूर महंमद यांचा. प्यायला मात्र सगळे विकतचे थंड जार घ्यायचे, टाकीचं पाणी स्वयंपाकाला आणि चहाला. उद्या आखाजीला याच पाणीदानाबद्दल अभिमनभाऊंचा चौकात सत्कार होता.

"त्यांनाच विचारू," पुनम म्हणाली, "टाकी कुठल्या विहिरीवर भरतात ते."

"आणि माझी अर्थव्यवस्थाही होईल!" तेजस खूश झाला.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, पण केळीच्या बागेत शिरल्याबरोबर हिरवा गारवा अंगावर आला. आत कापणी जोरात चालली होती. गडी खांद्यावर घड घेऊन येत होते, एक जण सपासप फण्या वेगळ्या करत होता, बाया त्या फण्या पाण्याच्या हौदात बुडवून धूत होत्या. आणि हौदात पाणी सोडणारी ती ट्रॉलीवरची टाकी...

"निळी," मिसबाह पुटपुटली.

"निळ्या टाक्या खूप असतात," तेजस म्हणाला.

"त्यांच्यावर 'पाणी हेच जीवन, सौजन्य अभिमनभाऊ' असं लिहिलेलं असतं का?"

चौघंही ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिली. ही टाकी इथे काय करतेय? हिने तर गावाला पाणी द्यायचं!

या गडबडीत हसीब मिसबाहच्या कडेवरून कधी उतरला, कुणाला कळलंच नाही. टाकीच्या चाकाजवळच्या गोणीतून त्याने चकचकीत पांढरा खडा उचलला आणि थेट तोंडात! पुढच्याच क्षणी त्याचे डोळे मिटले, ओठांचा चंबू झाला, सगळा चेहरा आवळ्यासारखा आक्रसला आणि मग जे भोकाड पसरलं!

"या अल्ला! काय खाल्लंस?" मिसबाहने बोट घालून खडा बाहेर काढला.

हौदावरच्या सुनंदाबाई ओल्या हातांनीच धावत आल्या. त्यांनी हसीबला जवळ घेऊन जारच्या पाण्याने चूळ भरायला लावली. "काही व्हनार नही बेटा. तुरटी शे ती, खडीसाखर नही!" मग मिसबाहच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "केळी कापली का चीक गळस. तुरटीना पानीमा धुई का डाग पडत नही."

"पण तुरटी हौदात टाकतात ना? टाकीत नाही ना?" पुनमने घाईघाईने विचारलं.

"हौदमा कोन ढवळत बसस? आम्ही बठ्ठी तुरटी टाकीमाच टाकतस. पानी तयारच येस."

"आणि संध्याकाळी टाकी धुता?"

सुनंदाबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "ते डायव्हरलेच माहीत, बाई. आमनं काम सरनं का आम्ही घर जातस."

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सावलीत मोबाइल बघत बसला होता. "टाकी धुवायची? कशाला? पाण्याचीच तर टाकी आहे! कापणी असली की तळाला चार खडे राहतात, राहू दे की. तेरवा कापणीच नव्हती, तेव्हा तेही नव्हते. पाणी स्वच्छच होतं त्याने!"

कापणीच्या दिवशी टाकीत तुरटी. तळाशी उरलेले खडे रात्रभर विरघळणार. सकाळी पहिलं पाणी टपरीला. तेरवा कापणी नव्हती, म्हणून परवा फाटलं नाही! पुनमच्या डोक्यात एकेक गाठ सुटत होती. पण तुरटीने खरंच दूध फाटतं का? घरी येऊन अमृतने ग्लासभर पाण्यात बागेतून आणलेला खडा विरघळवला आणि उकळत्या दुधात ओतला. पांढऱ्या गुठळ्या आणि हिरवट पाणी!

"अरे मन्हं दूध!" मामी धावून आली. मग पातेल्यात बघून मटकन खालीच बसली.

पण अभिमनभाऊ ऐकतील तर ना! अमृत त्यांच्या घरी गेला तो लाल चेहऱ्याने परत आला. "हसले मला. म्हणाले, मी गावाला फुकट पाणी पाजतो आणि तू माझ्यावर आईच्या दुधाचं खापर फोडतोस? त्यांच्या घरी स्वतःचं बोअर आहे, आणि ते पितातही काळाच चहा. त्यांना कसं दिसणार?"

"मग सगळ्यांसमोर दाखवू," पुनम म्हणाली. "उद्याच!"

आखाजीचा दिवस उजाडला. घरोघर पितरांसाठी नव्या घागरी भरायच्या होत्या. निंबाखाली झोक्यांवर मुली गौराईची गाणी म्हणत होत्या. चौकात मांडव, खुर्च्या, हार, नारळ, आणि कडेला सत्कारासाठी उभी ठेवलेली निळी टाकी. पुनम प्रमिलाबाईंपुढे जाऊन नम्रपणे उभी राहिली. "सरपंचकाकू, चहाची सोय आम्ही मुलं करू?"

"करा की! पण दूध पिशवीचं हं! कोकिळेचं नको."

"बरं!" पुनम म्हणाली, आणि मिसबाहला तिने हळूच डोळा मारला. हवं होतं तेच झालं होतं!

नूर महंमद यांनी स्वतःचे दोन स्टोव्ह आणून दिले. एका पातेल्यात टाकीचं पाणी आणि पिशवीचं दूध. दुसऱ्यात हातपंपाचं पाणी आणि मामीचं दूध. भाषण रंगात आलं होतं, "अभिमनभाऊंनी गावाची तहान..." आणि तेवढ्यात पहिल्या पातेल्यात गुठळ्या तरंगायला लागल्या!

"पिशवी पण फाटली!" तेजस सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला. भाषण थांबलं. लोक उठून बघायला आले.

"पिशवीच खराब असेल," अभिमनभाऊ खुर्चीवरून म्हणाले.

"मग आता पिशवीचं दूध हातपंपाच्या पाण्यात, आणि मामीचं दूध टाकीच्या पाण्यात!" तेजसने धुतलेली पातेली घेतली. मग थबकला. "थांबा... कुठलं कशात म्हणालो मी?"

"अरे बाबा, हो बाजूला!" मिसबाहने ताबा घेतला. पिशवीचं दूध आता शहाण्यासारखं उकळलं. मामीचं फाटलं.

"म्हणजे दूध कुणाचंही असो," पुनम म्हणाली, "टाकीच्या पाण्यात फाटतंच."

कुजबुज उठली. प्रमिलाबाई कधी पातेल्यांकडे बघत, कधी टाकीकडे. "काहीच कळेना बाई मला! इतकं नितळ पाणी..."

अभिमनभाऊ ताडकन उठले. "माझ्या पाण्याला नावं ठेवता? अमृतासारखं पाणी आहे!"

खरा अमृत पुढे आला. त्याच्या हातात ग्लास होता, टाकीच्या नळाखाली नुकताच भरलेला. "भाऊ, पाणीदान तुमचं. पहिला घोट तुम्हीच घ्या."

नाही म्हणायची सोयच नव्हती! अभिमनभाऊंनी ऐटीत ग्लास तोंडाला लावला. एक घोट आणि डोळे मिटले. ओठांचा चंबू झाला. चेहरा आक्रसला. कडेवरचा हसीब टाळ्या पिटत खदखदून हसला, कारण तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता.

"हे... हे काय आहे?"

"तुरटी!" चौघं एकदम म्हणाले, आणि मग केळीच्या बागेपासून टाकीच्या तळापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. ड्रायव्हरने मान खाली घातली.

अभिमनभाऊंनी गळ्यातला हार काढला. "मी तर पुण्य करत होतो," ते गोंधळून, अगदी लहान मुलासारखे म्हणाले. "कामाची टाकी आणि गावाची टाकी एकच... डोक्यातच आलं नाही."

"तुरटीच होती म्हणून निभावलं," नूर महंमद म्हणाले. "उद्या फवारणीचं औषध असतं, मग?"

अभिमनभाऊ सरळ मामीपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. "अक्का, चूक माझी, आणि बोल तुम्हाला लागला. गावासाठी आजच वेगळी टाकी आणतो. आणि या पोरांनी 'धुतली' म्हटल्याशिवाय तिचा नळ उघडायचा नाही!"

"सत्कार तर आता यांचाच करायला हवा," प्रमिलाबाई म्हणाल्या. हार एकच होता, म्हणून तो चौघांच्या गळ्यांत मिळून घातला. त्यात हसीबचंही डोकं घुसलं. "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठी माणसं दुधालाच धरून बसलो. पाण्याकडे बघितलं नाही." मग त्या मामीकडे वळल्या. आवाज खाली आला. "कोकिळे, सणाचा दिवस. खिरीला दूध देशील?"

"माले बी!" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि मला! टपरीला तर आधी!"

मामीने पदराने डोळे पुसले आणि फणकाऱ्याने म्हणाली, "आते कुठलं दूध? सकायनं बठ्ठं या पोरांनी फाडी टाकं!"

चौकात हशा पिकला.

संध्याकाळी हिलाल व्यापारी दोरखंड घेऊन आला तेव्हा मामीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वरची गल्ली पातेली घेऊन बसली होती. "लिलाव आहे का?" त्याने घाबरून विचारलं. अमृतने त्याला सांगितलं, म्हैस विकायची नाही. हिलालने दोरखंड खांद्यावर टाकला, थोडा विचार केला आणि तोही ओट्याच्या कडेला बसला. "मग चहा तरी मिळेल?"

पण मोरनी बिथरली होती. एवढी माणसं तिने कधी पाहिली नव्हती. ती पान्हाच सोडेना. मामी बादली घेऊन बसली होती, अमृत मोरनीची मान खाजवत होता.

"बठ्ठा चूप बसा!" मामीने दम दिला.

सरपंच गप्प बसल्या, ठेकेदार गप्प बसले, नूर महंमद गप्प बसले. हसीबच्या तोंडावर मिसबाहने हात ठेवला. सगळं गाव श्वास धरून एका म्हशीकडे बघत राहिलं.

आणि मग रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली.